स्वतःला तेरा गुण देताना

आदरणीय मॅडम,

मी मुंबईतील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि डोंबिवलीला राहते. आमच्या चौघांच्या गटाने सखल भागात पावसाचे पाणी किती चढले हे मोजून मोबाइलवर सूचना पाठवणारे उपकरण तयार केले आहे. प्रोजेक्टच्या टर्म वर्कला, म्हणजे सत्रभर केलेल्या कामाला, ५० गुण आहेत. त्यांपैकी २० गुण यंदा आम्ही स्वतःच स्वतःला द्यायचे आणि सोबत दोन पानांचे स्पष्टीकरण जोडायचे, असे सरांनी ठरवले आहे. समस्येची समज, तांत्रिक काम, चाचणी आणि मांडणी असे चार निकष असून प्रत्येकाला ५ गुण आहेत. गटातील इतर तिघांनी कॅन्टीनमध्ये बसून सगळ्यांनी १९ लिहायचे असे ठरवून टाकले. मी १३ लिहिणार (समज ४, तांत्रिक काम ४, चाचणी ३, मांडणी २) असे सांगितल्यावर ते चिडले. “तुझ्या तेरामुळे आमच्या एकोणीसवर संशय येईल,” असे त्यांचे म्हणणे आहे. सेन्सर आणि त्याच्या पेटीचे सगळे काम मी केले. पण माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले, प्रेझेंटेशनमध्ये मी दोनच वाक्ये बोलले, आणि स्वतःला जास्त गुण देण्याची मला लाज वाटते. आई म्हणते, वाढलेले ताट लाथाडू नये, प्लेसमेंटला (कॉलेजमार्फत नोकरी मिळायला) पॉइंटर, म्हणजे गुणांची सरासरी, लागतोच. गटातील एकाने ब्लॅक बुकच्या (प्रोजेक्टच्या छापील अहवालाच्या) बाइंडिंगपलीकडे काही केलेले नाही, ते मी लिहावे का? आणि मुळात हा प्रकार योग्य आहे का, की सरांनी आपले काम आमच्यावर ढकलले आहे? सबमिशन दहा दिवसांवर आले आहे. निकषपत्रिका, अहवालाचा गोषवारा आणि लॉगबुकाच्या पाच पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

ता. क. माझ्या लॉगबुकातील बऱ्याच नोंदी मराठीत आहेत आणि खाडाखोडही बरीच आहे. ते सगळे नव्या वहीत इंग्रजीत नीट उतरवून काढू का?

– एक विद्यार्थिनी

स. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि लॉगबुकाची पाने मी सावकाश वाचली. एकोणीस हा खोटा आकडा आणि तेरा हा खरा, असे धरून तुम्ही पत्र लिहिले आहे, त्यामुळे आता प्रश्न केवळ हिमतीचा उरला आहे, म्हणजे खरे लिहून गटाचा रोष पत्करावा की गटासाठी गप्प बसावे, असे तुम्हाला वाटते. यातले तेरा खरे असल्याचे गृहीतक मला मान्य नाही. तुमचे तेराही खरे नाहीत. तिघांनी कॅन्टीनमध्ये आकडा आधी ठरवला आणि निकष मागाहून त्यात बसवायचे ठरवले. तुम्ही घरी बसून तेच केले आहे, फक्त त्यांच्या आकड्यामागे लोभ आहे आणि तुमच्या आकड्यामागे संकोच. संकोच लोभापेक्षा सभ्य दिसतो, म्हणून तो प्रामाणिकपणाच्या नावावर सहज खपून जातो.

हे मी तुमच्याच फोडीवरून म्हणते आहे. चाचणीला तुम्ही ५ पैकी ३ गुण दिले आहेत. सरांच्या निकषपत्रिकेत चाचणीच्या ५ गुणांसमोर लिहिले आहे की उपकरण कोणत्या परिस्थितीत चुकते ते शोधून, नोंदवून, त्यावर उपाय केलेला असावा. आता तुमच्या लॉगबुकाचे तिसरे पान पाहा. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत मोजपट्टी सोडून तुम्ही पाण्याचे सेन्सरपासूनचे अंतर आणि सेन्सरचे वाचन शेजारीशेजारी लिहिले आहे, आणि मध्येच एक ओळ आहे: “पाणी १८ सेमीवर. वाचन २३. हलतच नाही. सेन्सर खराब?” दोन दिवसांनी: “दुसरा लावला. तेच. खराब नाहीये. जवळचे दिसतच नाही त्याला.” मला हे पान तुमच्या अहवालाच्या संपूर्ण गोषवाऱ्यापेक्षा अधिक बोलके वाटले. पाण्यात टिकणारा जो अल्ट्रासोनिक सेन्सर तुम्ही वापरला आहे त्यात ध्वनिलहर सोडणारा आणि तिचा प्रतिध्वनी ऐकणारा पडदा एकच असतो. लहर सोडल्यावर तो पडदा क्षणभर स्वतःच थरथरत राहतो आणि तेवढ्या वेळात परत आलेला प्रतिध्वनी त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे साधारण २० सेंटिमीटरच्या आतले अंतर त्याला मोजता येत नाही. सुट्या दोन डोळ्यांचा जो स्वस्त सेन्सर सगळे विद्यार्थी घेतात तो अगदी २ सेंटिमीटरपर्यंत मोजतो, पण तो पाण्यात टिकत नाही. पाणी जसजसे चढेल तसतसे ते सेन्सरच्या जवळ येणार, म्हणजे धोका सर्वांत जास्त असेल नेमक्या त्याच वेळी तुमचे उपकरण आंधळे होणार होते. तुम्ही लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या दोन फेऱ्या मारल्या, सेन्सर ३० सेंटिमीटरच्या पाइपवर उंच बसवला आणि पुन्हा सगळी वाचने घेतली. निकषपत्रिकेतील ५ गुणांचे वर्णन यापेक्षा वेगळे काय असू शकते? तरीही तुम्ही ३ लिहिले, कारण प्रेझेंटेशनमध्ये हा भाग दुसऱ्याच कोणीतरी अस्खलित इंग्रजीत सांगितला आणि ऐकता ऐकता तो तुम्हालाही त्याचाच वाटू लागला.

उलट समस्येच्या समजेला तुम्ही ४ गुण घेतले आहेत, ते मला जास्त वाटतात. गोषवाऱ्यात हिंदमाता आणि मिलन सबवे यांची नावे आहेत, पाणी तुंबल्याने होणाऱ्या हालांचे वर्णन आहे. पण भरतीचा उल्लेख कोठेही नाही. मुसळधार पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकाच वेळी आली की पर्जन्यवाहिन्यांचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि ते रस्त्यावरच थांबते, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगावे लागू नये. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस पावसाळ्याआधीच वर्तमानपत्रांत छापून येतात. तुमचे उपकरण केवळ पातळी मोजते, ती पुढच्या तासाभरात चढेल की उतरेल याबद्दल काहीच सांगत नाही, आणि असे का, याचा विचार अहवालात दिसत नाही. म्हणून येथे ३. तांत्रिक कामाचे ४ तुम्ही बरोबर दिले आहेत: वायर जिथे पेटीत शिरते तिथून पाणी झिरपते हे तुम्हीच नोंदवले आहे आणि ते अजून दुरुस्त झालेले नाही. मांडणीचे २ मात्र पुन्हा संकोचाचे आहेत. निकषपत्रिकेत मांडणी म्हणजे “लेखी, आकृत्यांद्वारे व तोंडी” असे म्हटले आहे. वाचनांचा तक्ता तुमचा आहे, सर्किटची आकृती तुमची आहे. तोंडी भाग कमी पडला म्हणून ३ धरू. बेरीज १५ होते.

दोनच गुण वाढले, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. आकड्याचे सोडा. तेराच्या बाजूने तुम्हाला सरांसमोर एक वाक्यही बोलता आले नसते आणि पंधराच्या बाजूने तुम्ही अर्धा तास बोलू शकाल, तेही पान उघडून दाखवत. अर्थात माझे पंधरा हे पाच पानांवरून काढलेले आहेत. बाकीची पाने तुमच्याजवळ आहेत, तेव्हा तुम्ही मोजाल तेव्हा कदाचित चौदा येतील, कदाचित सोळा. निकषपत्रिका डावीकडे आणि लॉगबुक उजवीकडे ठेवून मोजा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तुमच्यासारखी माणसे स्वतःला कमी का मोजतात याचा अभ्यास झालेला आहे. कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांची कामगिरी तळाच्या चतुर्थांशात होती ते प्रत्यक्षात सरासरी शंभरात तळापासून बाराव्या स्थानाच्या आसपास असूनही स्वतःला तळापासून बासष्टाव्या स्थानावर समजत होते. हा भाग सगळ्यांना पाठ असतो, कारण तो दुसऱ्याला टोमणा मारायला सोयीचा आहे. (संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेपही घेतले आहेत, या फरकाचा काही भाग केवळ मोजण्याच्या पद्धतीतून निर्माण होतो असे त्यांचे म्हणणे आहे.) त्याच अभ्यासाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. वरच्या चतुर्थांशातील लोकांनी स्वतःचे स्थान प्रत्यक्षापेक्षा खाली लावले, कारण आपल्याला जे जमले ते इतरांनाही तितकेच सहज जमत असणार असे त्यांनी गृहीत धरले होते. तुमच्या पत्रातील “सेन्सर आणि पेटीचे काम केले, पण...” यातला तो “पण” मला याच जातीचा वाटतो. त्याआधी, १९८९ मध्ये, नॅन्सी फॅल्चिकोव्ह आणि डेव्हिड बाऊड यांनी उच्च शिक्षणातील स्वयंमूल्यमापनावरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी स्वतःला दिलेले गुण शिक्षकांच्या गुणांच्या अधिक जवळ असतात असे त्यांना आढळले. विषय जसा कळत जातो तशी आपली मोजपट्टीही सुधारते, आणि तुम्ही तर शेवटच्या वर्षाला आहात.

आपली स्तुती आपणच करू नये हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवले जाते, मुलींना जरा जास्तच. त्या शिकवणीची किंमत कोण मोजते हे मला उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी मी शिकवत असलेल्या महाविद्यालयात मीही हा प्रयोग केला होता: प्रोजेक्टचे २५ गुण तुम्हीच ठरवा, असे मी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात वर्गाला सांगून मोकळी झाले. निकष दिले नाहीत, नमुना दाखवला नाही. बहुतेकांनी २३ लिहिले. चोवीस हावरटपणाचे दिसतात आणि बावीस उगाच कमी, असा काहीतरी अलिखित करार वर्गात झाला असावा. त्या गठ्ठ्यात एक ११ होते. मराठी शाळेतून आलेला, लालबागला राहणारा, मागच्या बाकावर बसणारा मुलगा. मी त्याला बोलावून त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले आणि ११ वर सही केली. पुढे व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरच्या परीक्षकांनी प्रोग्राममधल्या एका ओळीबद्दल विचारले, तेव्हा गटातील तिघांनी एकदम त्याच्याकडे पाहिले. सगळा प्रोग्राम त्याने लिहिला होता. टर्म वर्कचे गुण तोपर्यंत वर गेलेले होते. त्याने तक्रार केली नाही, मीही ते बदलून घेण्यासाठी पुरेशी धडपड केली नाही. तेव्हापासून कोणी स्वतःला कमी गुण दिले की मला त्यात आधी सद्गुण दिसत नाही. आधी मी वही मागते.

आता तुमच्या मित्रांविषयी. तुमच्या तेरामुळे त्यांच्या एकोणीसवर संशय येईल ही त्यांची भीती व्यर्थ आहे, कारण चार जणांचे चार एकसारखे एकोणीस हे स्वतःच पुरेसे संशयास्पद आहेत. पंधरा गटांचे कागद एका रात्री तपासणाऱ्या शिक्षकाला असे कागद वेगळे काढायला चष्माही लागत नाही. चार वेगवेगळी कामे केलेल्या चार माणसांना चारही निकषांवर सारखेच गुण कसे पडतील? त्यातल्या एखाद्याला खरोखर १८ मिळण्याजोगे काम झाले असेल, मोबाइल ॲप लिहिणाऱ्या मुलाचे कदाचित तसे असेलही, तर या ठरवून लिहिलेल्या एकोणीसमुळे त्याचे खरे अठराही पाण्यात जातील. हा मुद्दा त्याच्याशी एकट्याशी बोला. त्याला तो लवकर पटेल.

सगळ्यांशी बोलायचे तर कॅन्टीनमध्ये बोलू नका. एक तास लॅबमध्ये बसा, चौघांसमोर निकषपत्रिकेची एकेक कोरी प्रत ठेवा, आणि पहिली वीस मिनिटे कोणी कोणाशी न बोलता फक्त आपापल्या कामाचे पुरावे त्यावर लिहायचे असे ठरवा, म्हणजे तारीख, फाइल, आकृती, खरेदीची पावती, जे असेल ते. आकडा सर्वांत शेवटी. मी नंतरच्या वर्षी वर्गात हेच करून घेतले, आणि आकडे आपोआप विखुरले. वीस मिनिटे रिकाम्या रकान्याकडे पाहत बसल्यावर एकोणीस लिहिणे भल्याभल्यांना जड जाते. एवढे करूनही ते ऐकणार नसतील तर तुम्ही तुमचा आकडा लिहा, आणि कागद देण्याच्या आधी तो त्यांना सांगा. मागाहून त्यांना तो सरांकडून कळणे हा विश्वासघात वाटेल, आणि तो वाटणे चुकीचेही नसेल.

बाइंडिंगवाल्या मुलाविषयी काही लिहू नका. सरांनी तुम्हाला तुमचे गुण विचारले आहेत, त्याचे नव्हे. शिवाय गटात आपला वाटा आपल्याला नेहमी असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोला घरकामातला आपापला वाटा वेगवेगळा विचारला, तेव्हा दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा पूर्णाच्या पलीकडे गेली. यात कोणी खोटे बोलत होते असे नाही; आपण घासलेली भांडी आठवतात, दुसऱ्याने घासलेली दिसलेलीच नसतात. तुम्ही गच्चीवर टाकीत मोजपट्टी सोडत होता तेव्हा तो मुलगा काय करत होता हे तुम्हाला ठाऊक नाही. कदाचित काहीच करत नसेल. दोरी ओढणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो हे माक्स रिंगलमन या फ्रेंच अभियंत्याने दाखवल्याला आणि ते छापून आल्यालाही (१९१३) शंभरहून अधिक वर्षे झाली, आणि चार जणांच्या गटात एक दोरीला नुसता हात लावून उभा असतो हे कोणत्याही महाविद्यालयात नवीन नाही. सरांनी व्हायवामध्ये थेट विचारले, “हे कोणी केले?” तर मात्र खरे सांगा, आढेवेढे न घेता. तोवर त्याचा हिशेब त्याचा.

हा प्रकार योग्य आहे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येत नाही. सरांनी काम ढकलले असे मला वाटत नाही, कारण निकषपत्रिका तयार करणे, दोन-दोन पानांची स्पष्टीकरणे वाचणे आणि जिथे शंका आहे तिथे बोलावून विचारणे हे एकगठ्ठा गुण देऊन टाकण्यापेक्षा कितीतरी जास्त काम आहे. प्रोजेक्टवर आधारलेल्या शिक्षणात स्वतःच्या कामाचा निवाडा ही नंतर चिकटवलेली गोष्टही नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रोजेक्ट पद्धतीची मांडणी केली, तेव्हा त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या: हेतू ठरवणे, आखणी करणे, प्रत्यक्ष काम करणे आणि केलेल्या कामाचा निवाडा करणे. आपण पहिल्या तीन घेतल्या आणि चौथी परीक्षकाच्या हवाली केली. लेखी परीक्षेत ते चालते, कारण सगळे उत्तर कागदावर असते. प्रोजेक्टमध्ये परीक्षकाला तयार उपकरण आणि सोनेरी अक्षरांची काळी जिल्द एवढेच दिसते; सेन्सर १८ सेंटिमीटरवर का अडकला हे शोधण्यात गेलेली संध्याकाळ तुमच्याशिवाय कोणी पाहिलेली नसते.

तरीही ५० पैकी २० गुण हे मला फार वाटतात. ज्या आकड्यावर पॉइंटर आणि पॉइंटरवर प्लेसमेंट अवलंबून आहे तो आकडा ज्याचा त्याने ठरवायचा म्हटले की विद्यार्थी स्वतःला तपासत नाही, स्वतःची वकिली करतो. माझ्या हातात असते तर मी आकडा न मोजता फक्त स्पष्टीकरणाच्या दर्जाला गुण दिले असते, किंवा फार तर ५ गुण ठेवले असते, आणि सत्राच्या मध्यावर एकदा बिनगुणांची रंगीत तालीम घेतली असती. पूर्वीच्या वर्षांचे दोन-तीन प्रोजेक्ट, नावे झाकून, वर्गासमोर ठेवून “याला किती द्याल?” हे विचारले असते, म्हणजे पाच म्हणजे काय आणि तीन म्हणजे काय हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकदाचे पक्के झाले असते. आता दहा दिवसांत हे होणे नाही. पण एक गोष्ट वर्गातर्फे आजच विचारता येईल: तुमचा आकडा आणि सरांचा आकडा जुळला नाही तर काय होणार? सर तो आपणहून बदलणार, की बोलावून चर्चा करणार, आणि फरक किती असेल तर? हा नियम लेखी मागून घ्या. तो ठरलेला नसेल तर संकोची विद्यार्थ्याचे तेरा तसेच राहतात आणि धीट विद्यार्थ्याचे एकोणीसही.

दोन पानांविषयी. “मी खूप मेहनत घेतली”, “रात्रंदिवस काम केले” ही वाक्ये येऊ देऊ नका. निकषपत्रिकेत मेहनतीचा रकाना नाही, आणि मेहनत तर चुकीच्या दिशेनेही करता येते. दुसरे म्हणजे कर्ता लपवू नका. आपल्या सगळ्या अहवालांत चाचणी “घेण्यात येते”, सेन्सर “बसवण्यात येतो”, निष्कर्ष “काढण्यात येतात”. इंग्रजीतल्या ब्लॅक बुकमध्येही तीच कर्मणी रचना असते, आणि चौघांचे काम अशा वाक्यात घातले की ते कोणाचेच राहत नाही. तुमचा चाचणीचा परिच्छेद साधारण असा होईल: “गच्चीवरील टाकीत तीन दिवस वाचने घेताना २० सेंटिमीटरच्या आत सेन्सरचे वाचन अडकते असे मला आढळले (लॉगबुक, पान ३). सेन्सर बदलूनही फरक पडला नाही, त्यामुळे हा दोष त्या विशिष्ट नगाचा नसून त्या प्रकारच्या सेन्सरचाच आहे असा निष्कर्ष मी काढला आणि पेटी ३० सेंटिमीटर उंच बसवली. वाहत्या, गढूळ पाण्यात आणि प्रत्यक्ष पावसात मी चाचणी घेतलेली नाही.” शेवटचे वाक्य आवर्जून ठेवा. उणीव स्वतः लिहिल्याने गुण जातील ही भीती असते, पण ती परीक्षकाने शोधून काढली तर बाकीच्या दाव्यांवरचाही विश्वास जातो. जिथे काम मोबाइल ॲपशी जोडलेले आहे तिथे ॲप लिहिणाऱ्याचे नाव घ्या. हे सगळे इंग्रजीत लिहावे लागणार असेल तर आधी असेच मराठीत लिहा आणि मग छोट्या छोट्या वाक्यांत उतरवा. व्हायवाला बोलतानाही तीच वाक्ये उपयोगी पडतील.

आईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. रोज गर्दीच्या लोकलने मुलीला कॉलेजला पाठवणाऱ्या घराला पॉइंटरचे मोल ठाऊक असते, आणि एकोणीस व पंधरा यांतल्या चार गुणांनी ग्रेडची पायरी क्वचित बदलतेही. पण आपल्या उदाहरणात ताट अजून कोणी वाढलेले नाही. पातेले तुमच्यासमोर ठेवून वाढून घ्या म्हटले आहे, आणि शेवटी सर येऊन पाहणार आहेत. नोकरीच्या मुलाखतीत प्रोजेक्टविषयी पहिला प्रश्न “यात तुमचे काम कोणते?” हाच असतो. त्याचे उत्तर या दोन पानांत आयते तयार होत आहे, हे त्यांना सांगून पाहा.

राहिले तुमचे ता. क. लॉगबुक उतरवून काढू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री बारा आठवड्यांच्या नोंदी एका बैठकीत लिहिलेली वही कशी दिसते हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असते: एकच पेन, एकच अक्षर, आणि एकाही आठवड्यात काही बिघडलेले नाही. तुमच्या वहीत तीन रंगांची शाई आहे, खाडाखोड आहे आणि “सेन्सर खराब?” हे प्रश्नचिन्ह आहे. मराठी नोंदी तशाच राहू द्या. ज्या तीन-चार नोंदींचा तुम्ही स्पष्टीकरणात आधार घेणार आहात त्यांच्यापुरता इंग्रजी अर्थ वेगळ्या कागदावर लिहून जोडा आणि त्यावर पान क्रमांक टाका. फोटोत तिसऱ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात टाकीचे पाणी सांडून शाई पसरलेली दिसते आहे. ते पान हाताळून आणखी पुसट होण्याआधी त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा.